पाचवी प्रतिक्रिया

"तू ख्रिश्चन? पण तुझं आडनाव तर गायकवाड आहे!"

पुण्यात मास कॉमला अ‍ॅडमिशन घेतली, त्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी मोजून सात वेळा ऐकलं. पुढचे प्रश्नही ठरलेले. "मूळच्या गोव्याच्या का तुम्ही?" नाही हो, नगरच्या. "मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?" कारण घरी दुसरं काही बोलतच नाहीत! "ख्रिसमसला तुमच्याकडे केक, वाइन... धमाल असेल ना?" आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे असतात, आणि आजीच्या अनारशांना जाळी पडली नाही तर घरात सुतकी शांतता पसरते. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी त्याला फसवलंय.

एक जण मात्र वेगळा निघाला. कँटीनमध्ये सगळ्यांदेखत हसत हसत म्हणाला, "तुमच्याकडच्यांना किती पोती तांदूळ मिळाला होता गं?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

आमचा पूर्वज कधी आणि का ख्रिस्ती झाला याबद्दल घरात एकच ओळ शिल्लक आहे, 'दुष्काळाच्या साली.' १८७६ ते ७८च्या त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं, बहुतेक महार आणि मांग समाजातली, अमेरिकन मराठी मिशनकडे वळली. पोटात भूक होती, खोटं कशाला बोलू? पण गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, पोराच्या हातात पाटी देता येत नव्हती, ती भूक कुठल्या पोत्यानं मोजणार? हे सडेतोड उत्तर मला सुचलं रात्री साडेअकराला, हॉस्टेलच्या बेसिनपाशी दात घासताना. चांगली उत्तरं नेहमी तिथेच सुचतात.

महाराष्ट्रात आम्ही पुरते एक टक्काही नाही, २०११ची जनगणना तसं सांगते. त्यामुळे लहानपणापासून एक विचित्र सवय लागते. वर्गात आपण एकटेच असतो, म्हणून आपण म्हणजे आख्ख्या समाजाचे ब्रँड अँबॅसेडर! बाकीच्यांना 'लोक काय म्हणतील' एवढंच टेन्शन असतं. आम्हाला 'आपल्या लोकांबद्दल लोक काय म्हणतील' हे त्यावर बोनस. चुकायचं नाही, पकडलं तर अजिबात जायचं नाही. ही सवय देवाच्या फारशी कामाची नसते हे मला फार उशिरा कळलं.

आमचं नगर म्हणजे २०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय. तिथे माझा रविवार आधीच वाटून दिलेला असायचा. सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, मग दारात उभं राहून सगळ्या मावश्या-काकांना सलाम, मग घरी मटण. चर्चमध्ये पेटी आणि तबला. 'उपासना संगीत' हे आमचं गाण्यांचं पुस्तक, आणि त्यातली कितीतरी भजनं रेव्हरंड टिळकांची. (पुण्यात हे नाव घेतलं की गोंधळ होतो. हे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक, १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान.) शाळेत असताना मला ती भजनं भयंकर बोअर वाटायची. त्यापेक्षा बोअर फक्त आजीची प्रार्थना. आजी मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. रोज रात्री जेवणानंतर ती सगळ्यांना बसवायची आणि अर्धा तास देवाशी बोलायची. शेजारणीशी बोलावं तसं. गॅस संपलाय इथपासून सुरुवात व्हायची.

पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी मी अकरापर्यंत झोपले. काही झालं नाही. वीज पडली नाही, कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या रविवारीही झोपले. देव नगरला राहिला होता, आजीच्या खोलीत, आणि खरं सांगू, मला त्याची आठवण येत नव्हती.

त्यातून मला बाहेर काढलं माझ्या रूममेटनं. ती ऐझॉलची. मिझोराममध्ये बहुतेक सगळेच ख्रिस्ती, त्यामुळे 'मी ख्रिश्चन आहे' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तिला पुण्यात बोलावं लागलं होतं. ती कपडे वाळत घालतानासुद्धा सुरात गायची. एका शनिवारी म्हणाली, उद्या उठ, तुला एका ठिकाणी नेते.

ते ठिकाण म्हणजे एका हॉटेलचा भाड्यानं घेतलेला हॉल. तिथे दर रविवारी संध्याकाळी तरुणांची इंग्रजी फेलोशिप भरायची. ड्रम्स, दोन गिटार, प्रोजेक्टरवर गाण्यांचे शब्द, मंद दिवे. आयटीतली मुलं, नर्सिंगच्या मुली, इंजिनीअरिंगवाले. सॉलिड वातावरण! मला तिथे मैत्रिणी मिळाल्या, दर रविवारी फुकट पाव-भाजी मिळाली, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे माझ्या आडनावाचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. म्हणून त्या लोकांबद्दल वाकडं लिहायला हात धजत नाही. पण गाणं टिपेला गेलं की सगळे डोळे मिटून हात वर करायचे, काहींच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी एक डोळा किंचित उघडून बघायचे की आपला हात पुरेसा वर आहे ना.

देवाच्या जवळ जायचं म्हणजे काहीतरी जोरात वाटलं पाहिजे, असा माझा तेव्हाचा फंडा होता. वाटत नव्हतं. मग मी मेहनत वाढवली. मोबाइलवर बायबलचं अ‍ॅप घेतलं. त्यात रोज वाचलं की दिवस मोजले जातात, एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. मी एकही दिवस चुकवला नाही. कधी कधी रात्री अकरा अठ्ठावन्नला अ‍ॅप उघडायचे, एक ओळ बघायचे, आकडा एकनं वाढायचा आणि मी झोपायचे. प्रार्थनाही इंग्रजीत करायला शिकले. दर चार शब्दांनी 'लॉर्ड', मध्ये मध्ये 'जस्ट'. ते ऐकायला फार छान वाटायचं. मलाच.

जानेवारी २०१९मध्ये एका पेपरच्या पुरवणीत इंटर्नशिप लागली. मानधन शून्य, चहा फुकट. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. ऑक्टोबर २०१८मध्ये सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. मराठवाड्यातून पुण्यात शिकायला, स्पर्धा परीक्षांना आलेल्या पोरापोरींचे घरून येणारे पैसे आटले होते. आमचे सर म्हणाले, "मेसवर जेवणाऱ्यांशी बोल. पाच प्रतिक्रिया आण. उद्या सहापर्यंत."

चार मिळाल्या. चारही ठीकठाक. महागाई वाढली, घरच्यांची ओढाताण होते, सरकारनं लक्ष द्यावं, वगैरे. पाचवी मिळेना. मी दोन मुलींना विचारलं, दोघी मान खाली घालून निघून गेल्या. एक वेळ उपाशी राहतो हे वही-पेन घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी बाईला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी पावणेसहा वाजले. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि टाइप केलं, 'घरी सांगते मेस लावलीय. खरं तर एकदाच जेवते. - बीडची विद्यार्थिनी, नाव न छापण्याच्या अटीवर.'

ही मुलगी नव्हती. मी तिला दोन मिनिटांत तयार केलं. आणि स्वतःला समजावलंही लगेच, की अशी मुलगी पुण्यात कुठेतरी असणारच. म्हणजे हे खोटं नाहीच, फक्त भेट व्हायची राहिलीय!

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य हेडलाइन झालं. खाली माझं नाव. पहिली बायलाइन! सरांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात 'शाब्बास' म्हटलं. नगरला पप्पांनी पाच अंक विकत घेतले. त्या रविवारी फेलोशिपमध्ये मी पुढे जाऊन साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मी सांगितलं की देवानं मला माझी पहिली बायलाइन दिली. टाळ्या पडल्या. रूममेटनं शिट्टी वाजवली.

सोमवारी सरांनी बोलावलं. कोथरूडहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला होता. त्या बीडच्या मुलीच्या वर्षभराच्या मेसचे पैसे त्यांना भरायचे होते. "नंबर दे तिचा," सर म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "सर, ती नको म्हणते. स्वाभिमानी आहे."

बघा, किती पटकन सुचलं. पहिल्या खोट्याला मला पंधरा मिनिटं लागली होती.

आठवड्याभरानं पप्पांचे एक मित्र पुण्याला आले, त्यांच्या हाती आजीनं पाकीट पाठवलं. आत पाचशेची नोट. वर तिच्या नर्सच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं, 'त्या पोरीला.' रात्री फोनवर म्हणाली, "मी रोज मागते हां तिच्यासाठी. नाव माहीत नाही, म्हणून नुसतं बीडची पोर म्हणते."

मी ते पाकीट कपाटात स्वेटरखाली ठेवलं. पुढचे तीन महिने मी स्वेटर घातला नाही.

अ‍ॅपवरचे दिवस मात्र वाढत होते. शंभर झाले, मग सव्वाशे. प्रार्थना करायला बसले की 'लॉर्ड' म्हणायचे आणि पुढचं काही येत नसे. शेवटी धीर करून फेलोशिपच्या लीडरला सांगितलं. चांगला मुलगा होता, त्यानं डोळे मिटून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाला की हे येशूनं केव्हाच क्लीन केलंय, गिल्ट धरून बसू नकोस, पुढे जा. मी घरी येऊन रूममेटला सांगितलं. ती नखं कापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या आजोबांनी अजून पैसे बाजूला काढून ठेवले असतील का गं?"

२०१९चा गुड फ्रायडे १९ एप्रिलला होता. मी आदल्या संध्याकाळी शिवाजीनगर स्टँडवरून नगरची एसटी पकडली. गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर, पंखे गरम हवा फिरवतायत, आणि सगळे उपाशी. मी आजीशेजारी बसले होते. तिनं पवित्र शास्त्र उघडलं आणि आतून माझी बातमी डोकावली. नीट कापून, घडी घालून ठेवलेली. चौथ्या उद्गारापर्यंत मी कशीबशी बसले. मग पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले आणि नळापाशी उभी राहिले.

संध्याकाळी आजी मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. मुलगी नाही, फोन आला होता, नंबर दिला नाही, पाकीट कपाटात आहे. सगळं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जवळ घेईल. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. ताटातले खडे बाजूला काढत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे तीन महिने मी कुणासाठी मागत होते गं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

"देवाला सांगितलंस?"

"हो. म्हणजे... सांगितलं."

"त्याला काय, आधीच ठाऊक होतं. तुझ्या साहेबांना सांगितलंस का?"

मी म्हटलं, आजी, मला काढून टाकतील. सर्टिफिकेट मिळणार नाही. आणि तिथे मी एकटी ख्रिश्चन आहे, ते म्हणतील बघा, हे असे. ती म्हणाली, "म्हणू दे की. त्यांनी म्हटलं म्हणून देवाची नोकरी जाते का?" मग तांदूळ पाखडून झाल्यावर, जरा नरम आवाजात, "मी मागितलेलं असू दे. उपाशी पोर कुठंतरी असेलच. तो पत्ता बदलून पोचवील."

त्या रात्रीही ती नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. मी पहिल्यांदा नीट ऐकलं. ती देवाला 'तू' म्हणते, हे मला माहीत होतं, मराठीत सगळेच म्हणतात. पण त्या 'तू'मध्ये किती भांडण असतं, किती हिशेब असतो, हे मी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. तू असं का केलंस, तू तिकडे बघ, तुला जमत नसेल तर तसं सांग. आणि मग माझं नाव घेऊन, सगळ्या घरासमोर, "हिनं खोटं लिहिलंय. सोमवारी ही जाऊन सांगणार आहे. तू हिच्याबरोबर जा." पप्पांचे डोळे खाडकन उघडले!

झालं. आता न जाऊन सांगते कुणाला?

सोमवारी मी गेले. सर चिडले. ते चिडणार हे उघडच होतं. हेडलाइन त्यांनी दिली होती, वर त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. ख्रिश्चन वगैरे शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. तो सगळा सिनेमा माझ्याच डोक्यात चालला होता. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मग म्हणाले, "थांब. त्या शिक्षकांना फोन तूच कर." त्यांच्या टेबलावरूनच फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मी 'सॉरी' म्हणाले. ते काही बोलले नाहीत. फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या आवाजाचं मला अजून काय करायचं ते कळलेलं नाही.

चार दिवसांनी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. अमुक तारखेच्या बातमीतली एक प्रतिक्रिया खातरजमा न करता छापली गेली, दिलगीर आहोत. माझं नाव नव्हतं.

राहिलं पाकीट. आजीनं ते परत घ्यायला साफ नकार दिला होता. "ते तुझेही नाहीत आणि माझेही." शेवटी मी आमच्या गल्लीतल्या मेसच्या काकांकडे गेले. जिथे मी स्वतः रोज जेवत होते, तिथे. म्हटलं, काका, कुणाचे पैसे थकलेत का? काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी विचारतेय की काका, पोळ्या करता का? गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. त्यात अकरा नावं होती. तीन मुली दुपारी यायच्याच नाहीत, एकवेळचा डबा दोघींत वाटून घ्यायच्या. काका म्हणाले, "मी कुणाला बोलत नाही. शिकायला आलेली पोरं आहेत." अडीच हजार महिना, आणि काहींचे तीन-तीन महिने थकलेले.

माझी बातमी हॉस्टेलपासून दोनशे पावलांवर, गल्ल्याखाली पडलेली होती. मी तिथे दिवसातून दोनदा हात धुवायचे.

मी पाचशे दिले. काकांनी एका नावापुढे ते लिहिले. कुठल्या ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर मेसमध्ये समोर बसलेल्या प्रत्येक मुलीकडे बघताना वाटायचं, ही असेल का? ती नजर मला जानेवारीत असती तर!

त्या रात्री गच्चीवर गेले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, पाण्याच्या टाक्या, खाली कुणाचा तरी गणपतीचा जुना मंडप अजून गुंडाळून ठेवलेला. मी मराठीत बोलायला सुरुवात केली. तू. पुढे दोन-तीन वाक्यांतच अडखळले, कारण मराठीत मला माझं खोटं लगेच ऐकू येत होतं. 'मी परिस्थितीमुळे...' म्हटलं आणि थांबले. 'मला लवकर नाव हवं होतं' असं म्हटलं, मग पुढचं आलं. मला काही विशेष वाटलं नाही. अंगावर काटा नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त पलीकडे कुणीतरी जागं आहे आणि त्याला सगळं माहीत आहे, त्यामुळे आता घाई नाही, असं काहीतरी. त्याला 'वाटणं' म्हणायचं का, ठरवता येत नाही. थोड्या वेळानं रूममेट मॅगीचं पातेलं घेऊन वर आली आणि आम्ही एकाच चमच्यानं खाल्लं. अ‍ॅप उघडायचं राहून गेलं. सकाळी बघितलं तर एकशे त्रेचाळीसवरून शून्य.

पुढचं वर्षभर मी फेलोशिपला जात राहिले, पण सकाळी मराठी उपासनाही सुरू केली. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनला. हो, तेच, जिथे १८९०मध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह पुण्यातल्या बड्या मंडळींवर ग्रामण्य ओढवलं होतं. मी वर्गातल्या दोन मैत्रिणींना तिथे नेलं. चर्चपासून वेगळा उभा असलेला तो उंच घंटेचा मनोरा बघून त्या चाट पडल्या, आणि आत पेटीवर अभंगाच्या चालीचं भजन सुरू झाल्यावर त्याहून जास्त! एकीनं कानात विचारलं, "हे तुकाराम आहेत का?" अगदीच चुकीचा प्रश्न नव्हता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं खुद्द रेव्हरंड टिळकांनीच म्हणून ठेवलंय.

लहानपणी बोअर झालेली ती भजनं मी लायब्ररीत बसून पुन्हा वाचली. 'स्मृतिचित्रे'ही तेव्हाच वाचलं. दहावीत धड्यापुरतं वाचलं होतं, तेव्हा फक्त हसू आलं होतं. आता लक्ष्मीबाईंचं एक वेगळंच दिसलं. बाई स्वतःबद्दल काहीच सजवत नाहीत. शिवाशिवीचा आपला वेडेपणा, नवऱ्यानं धर्म बदलल्यावरचा संताप, पाच वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंतची ओढाताण, सगळं जसं घडलं तसं. आमच्या सिलॅबसमध्ये रिपोर्टिंगची जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. माझं ऐकाल तर हे एक त्यांच्या आधी लावा.

सिलॅबसवरून आठवलं. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात 'दर्पण' सगळ्यांना पाठ असतं, ६ जानेवारी १८३२, म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन. तीच तारीख चर्चच्या कॅलेंडरमध्ये प्रकटीकरणाच्या सणाची असते. आणि नोट्समध्ये एका ओळीत उरकलेलं 'ज्ञानोदय' १८४२मध्ये आमच्या नगरलाच सुरू झालं होतं. टिळक अखेरच्या काळात त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. म्हणजे पत्रकार आणि ख्रिस्ती या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात याचा पुरावा माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर होता. मला तो सापडला पुण्यात, इंटर्नशिप गेल्यावर.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला. रूममेट शेवटच्या काही विमानांपैकी एकानं घरी गेली, मी नगरला. चर्च बंद. इस्टरला पप्पांनी बैठकीत पेटी काढली, पाळकसाहेब फोनच्या स्क्रीनवर, नेटवर्क जाऊन येऊन. आजीनं स्क्रीनला सलाम केला. तिला तो प्रकार मुळीच पटला नव्हता. तिचं म्हणणं, माणसं शेजारी बसल्याशिवाय उपासना कसली?

२०२२च्या पावसाळ्यात ती गेली. वयानं, झोपेत, स्वतःच्या खोलीत. तिचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. कव्हर सुटलेलं, पानांत भरपूर कागद. लाइट बिल, दवाखान्याची चिठ्ठी, सांडग्यांचं प्रमाण, माझ्या बाप्तिस्म्याचा फोटो. माझी ती हेडलाइनवाली बातमी शोधली, नव्हती. तिच्या जागी चार ओळींचं एक कात्रण होतं. तो खुलासा. तो आतल्या पानावर आला होता, नावाशिवाय, फक्त पुणे आवृत्तीत. नगरला तो अंक मिळतच नाही. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "तिनं मला एसटी ड्रायव्हरला सांगून मागवायला लावला होता. म्हणाली, पोरीचं छापून आलंय."

मी ते जिथे होतं तिथेच ठेवलंय.

देवाच्या जवळ आहेस का, असं आता कुणी विचारलं तर पंचाईत होते. कधी कधी तीन-तीन आठवडे बोलणं नसतं. फ्रीलान्सिंगमध्ये पेमेंट थकलं की भांडायला मात्र बरोबर आठवण होते. अ‍ॅप पुन्हा घेतलं नाही. गाणं टिपेला गेलं की अजूनही एक डोळा उघडा राहतो, ती खोड काही जात नाही. तांदळाच्या पोत्याचा जोक परवा एका पार्टीत पुन्हा झाला. या वेळी उत्तर जागेवर सुचलं, पण बोलताना आवाज थरथरला, आणि नंतर कुणीतरी म्हणालं, सोड ना, मस्करी केली.

गेल्या महिन्यात एका मासिकासाठी भाड्यानं राहणाऱ्या एकट्या मुलींवर लेख करत होते. पाच जणींच्या प्रतिक्रिया हव्या होत्या. चौघी बोलल्या. पाचवीनं आदल्या रात्री मेसेज केला, घरमालक वाचेल, नको. मी चारच पाठवल्या. सकाळी फोन आला.

"मॅडम, पाचवी?"

"नाही मिळाली."

"अहो, लेआउट पाचचा आहे. काहीतरी बघा ना."

म्हटलं, संध्याकाळपर्यंत शोधते. पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले.